वजनातली घट

ठाटीपूरच्या पुढे, रस्ता जिथं उगाचच रुंद होतो,
तिथल्या आमच्या तळघरात
एक डबी आहे, पोलादी, जायफळाएवढी.
झाकणाला छिद्र, केसाहून बारीक.
आत चिमूटभर पांढरी भुकटी,
जिचं नाव वहीत नुसत्या क्रमांकानं लिहितो: सात-ब.

लोक विचारतात, मुळ्येबाई, भीती नाही वाटत?
एवढ्याशानं काय होतंय. फार तर काच तडकेल,
कुशवाहचा चहा सांडेल.
मला भीती वाटते ती विजेची.
ग्वाल्हेरला जूनमध्ये शेहेचाळीस अंश, बाहेर लू,
आणि आत पाण्याचं तापमान
अंशाच्या शंभराव्या भागानंही ढळता कामा नये.
दिवे गेले, की जनरेटर खोकत उठेपर्यंत
अकरा दिवस वाया.

काम तसं वाण्याचंच. तोलायचं,
डबीभोवतीची हवा काढून घ्यायची, वाट बघायची,
पुन्हा तोलायचं.
जेवढं कमी भरलं, तेवढं निसटलं.

आमची काकू कापराच्या डबीत मिरीचे चार दाणे टाकायची,
म्हणे त्यानं कापूर उडत नाही.
उडायचाच. वड्यांचे कोपरे आधी जायचे.
सहावीत असताना मी ती डबी चोरून
कोपऱ्यावरच्या जैन किराण्याच्या काट्यावर नेली, दर शनिवारी, दोन महिने.
काकूनं कानशिलात दिली, देवाची वस्तू म्हणून.
ते माझं पहिलं मोजमाप.
मिरीही सोबत तोलली होती. ती चूक.

पण कापूर निदान सांगून जातो.
सात-बला वास नाही, आपल्यापुरता तरी.
हवेच्या अब्जावधी कणांत त्याचे दोन-चार,
मेळ्यात हरवलेल्या पोरांसारखे,
ज्यांची नावं भोंग्यावर कुणी पुकारत नाही.

जिप्सीला मात्र ते सापडतात.
स्टेशनवरच्या पथकातली, नाकावर फिकट डाग,
हवालदार भदोरिया तिला घेऊन आले
आणि ती सरळ आमच्या कपाटापुढे जाऊन बसली.
भुंकली नाही. बसायचं, एवढंच तिला शिकवलंय.
मी महिनाभर घासून दहाचा जो ऋण घात काढला होता
तो तिनं बूड टेकवून सांगितला.
भदोरिया म्हणाले, मग तुमच्या आकड्याचं काय करायचं?
म्हटलं, यंत्र बनवणाऱ्यांना कळायला हवं,
किती हळू बोललेलं ऐकू यायला हवं ते.
त्यांनी खिशातलं बिस्कीट काढलं. जिप्सीसाठी.

काल रात्री दिवे गेले. अकरावा दिवस.
अंधारात आम्ही दोघं, जनरेटर उठेना,
आणि कुशवाह, जो एरवी आकड्यांपलीकडे बोलत नाही, बोलला:
बापू घाटीगावच्या खदानीत होते.
सुरुंगाच्या कांड्या उघड्या हातानं भरायचे.
सोमवारी घरी यायचे ते डोकं दाबत.
मंगळवारी कमी, बुधवारपर्यंत काहीच नाही.
रविवारच्या सुटीत अंग विसरायचं, की पुन्हा सोमवार.
शेवटी रविवारीही ते कांडीचा कागद
साफ्यात खोचून हिंडायला लागले,
सवय मोडू नये म्हणून.
आई ओला गमछा बांधायची आणि विचारायची नाही काही.

सुरुंग त्यांच्यावर कधीच उलटला नाही.
एकही बोट गेलं नाही.
गेलं ते, पेटीत गप्प पडलेलं असताना ती वस्तू
जे सोडत राहायची, त्यानं.

"आपकी डिबिया तो अब आई, मॅडम," कुशवाह म्हणाला,
"हमारे यहाँ सिर में नापते थे."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?
छिद्राचं क्षेत्रफळ मला चार दशांशांपर्यंत माहीत आहे.

जनरेटर उठला. पंखा आधी, मग पाण्याची मोटर.
डबी पुसली, भुकटी बदलली, तराजू शून्यावर आणला.
वहीत नवं पान: सात-ब, दिवस पहिला.
शेऱ्याच्या रकान्यात मी सहसा काही लिहीत नाही.
लिहिलं: सोमवार.